गुऱ्हाळ व्हीआरमध्ये उतरवताना

करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळमालकांनी आमच्याकडे व्हीआर गेम (डोळ्यांवर हेडसेट घालून, आपण त्या जागीच आहोत असं वाटणारा खेळ) मागितला, तेव्हा त्यांची अडचण अगदी सरळ होती. त्यांचा गूळ तपकिरी. रसायन न घालता केलेला गूळ साधारण तसाच होतो. पण प्रदर्शनात स्टॉलसमोर आलेलं गिऱ्हाईक तो बघतं, "जुना दिसतोय" म्हणतं आणि शेजारच्या पिवळ्याधमक ढेपेकडे वळतं. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नाव लांबवर पोचलं, पण रंगाबद्दलचा गैरसमज काही हलला नाही. काकांनी (आम्ही त्यांना काकाच म्हणतो) पत्रकं छापली होती, फ्लेक्स लावले होते, व्हिडिओ काढून स्टॉलवरच्या टीव्हीवर फिरवत ठेवला होता. व्हिडिओसमोर कुणी थांबत नव्हतं. ते म्हणाले, "ताई, माणूस एकदा काहिलीजवळ उभा राहिला की त्याला काही सांगावं लागत नाही. पण पुण्या-मुंबईची माणसं माझ्या काहिलीपर्यंत येणार कधी?"

काहील म्हणजे उसाचा रस उकळायची मोठी पसरट कढई. आमच्या कामाचं सगळं सार या एका वाक्यात आलं होतं.

कामासोबत कल्पनाही आल्या. काकांच्या मुलाला हवेत उडणाऱ्या ढेपा तलवारीनं कापायचा खेळ हवा होता. तसला खेळ बहुतेकांनी पाहिलेला असतो, शिकवावा लागत नाही, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. दुसरी सूचना प्रश्नमंजूषेची. मी दोन्हींना नको म्हटलं. धंद्याच्या जाहिरातीसाठी गेम करताना मी एकच कसोटी लावते: त्यातलं नाव आणि लोगो पुसून टाकला तर तोच गेम दुसऱ्या कुणाला विकता येईल का? ढेपेच्या जागी साबणाची वडी ठेवली तरी कापायच्या खेळात काही बिघडत नाही. असा खेळ लोक मजेत खेळतात आणि तो कुणाचा होता हे दारातून बाहेर पडेपर्यंत विसरतात. आम्हाला गुळाशिवाय होऊच शकणार नाही असा खेळ करायचा होता. मग तो गुऱ्हाळातच सापडायला हवा, म्हणून आम्ही तिघं हंगामात गुऱ्हाळावर जाऊन राहिलो. कोड आणि खेळाची रचना माझ्याकडे, मॉडेलिंग आमच्या मित्राकडे आणि आवाजाचं सगळं काम एका मैत्रिणीकडे.

एक आधण, म्हणजे काहिलीतला एका वेळचा रस, उतरायला अडीच-तीन तास लागतात. चरकातून निघालेला रस काहिलीत येतो तेव्हा हिरवट, करडा दिसतो. बाहेरून आलेल्या माणसाला यातून गूळ होईल असं वाटत नाही. तो तापला की रानभेंडीची खोडं ठेचून, पाण्यात भिजवून काढलेला बुळबुळीत रस त्यात ओततात. त्या चिकटपणाला धरून रसातली घाण गोळा होते आणि फेसासोबत वर येते, ती मळी. ती वेळेवर आणि स्वच्छ काढली तर गूळ उजळ होतो. राहिली तर काळपट होतो आणि चवही बिघडते. म्हणजे रंग सुधारायचा खरा रस्ता हा आहे: मेहनतीचा. हायड्रॉससारखी रासायनिक पावडर टाकली की रंग लगेच पिवळा होतो, पण तो टाकलेला रंग.

मळी निघाल्यावर बराच वेळ फक्त उकळणं चालतं. मग शेवट येतो, आणि मी गेम बनवणारी असल्यामुळे मला त्या शेवटानं खिळवून ठेवलं. रसात पाणी भरपूर असतं तोवर तापमान शंभराच्या आसपास रेंगाळतं. पाणी उडत जातं तसं ते वर सरकतं: १०५ अंशांच्या जवळ काकवी होते, ११८ च्या जवळ गूळ. आणि शेवटचे अंश भराभर चढतात. दोन तास काहीच घडत नाही असं वाटणारं काम अखेरीस अशा वळणावर येतं की थोडं आधी उतरवलं तर गूळ बसत नाही, पाझरतो. थोडं उशिरा उतरवलं तर करपतो. खेळाचा शेवट कसा रंगवायचा यावर आम्ही एरवी महिनोन्‌महिने डोकं फोडतो. इथे तो निसर्गानंच रंगवून ठेवला होता.

गूळ शिजवणारा कारागीर म्हणजे गुळव्या. इथले गुळव्यामामा थर्मामीटर वापरत नाहीत. फावड्यावरून ओघळणारी तार बघतात, बुडबुडे बघतात, आणि थंड पाण्याच्या भांड्यात थोडा पाक सोडून बोटांनी त्याची गोळी वळतात. पहिल्यांदा ती पाण्यातच विरते. मग मऊ बसते. मग एकदा घट्ट झालेली गोळी ते पत्र्यावर टाकतात, टण्ण आवाज येतो आणि मामा म्हणतात, "झालं, वडा." म्हणजे काहील ओढून उतरवा. आम्ही शेजारी डिजिटल थर्मामीटर धरला होता. मामा "झालं" म्हणाले तेव्हा त्यावर ११८ आणि काही दशांश होते.

पण खेळ सापडला तो दुसऱ्याच गोष्टीत. मामा मधूनमधून ओरडत होते: "जाळ वाढीव!", "आरं, दम धर, दम धर!" चुलवाणाचं तोंड काहिलीच्या मागे, खालच्या अंगाला. तिथे बसून वाळलेलं चिपाड आत सारणाऱ्या माणसाला काहील दिसतच नाही. आणि काहिलीवरच्या माणसाच्या हातात जाळ नाही. एकाला दिसतं पण त्याला जाळ कमीजास्त करता येत नाही, दुसऱ्याला करता येतं पण दिसत नाही. दोघांमध्ये फक्त आवाज. त्या रात्री मी वहीत लिहिलं: हेडसेट घातलेला माणूस गुळव्या, आणि बाहेर उभा असलेला त्याचा बायको-मुलगा-मित्र टॅबलेटवर जाळ घालणार.

व्हीआरची एक मोठी अडचण यानं आपोआप सुटली. हेडसेट घालणारा एकटा पडतो आणि बाकीचं कुटुंब कंटाळून उभं राहतं. शिवाय हे हेडसेट दहा वर्षांखालच्या मुलांना घालू नयेत असं कंपनीच सांगते, आणि प्रदर्शनात सर्वांत आधी धावत येतात ती तीच मुलं. त्यांना "तुला नाही" म्हणण्यापेक्षा "तू जाळ घाल" म्हणणं कितीतरी चांगलं. आणि आणखी एक फायदा झाला. टॅबलेट आणि हेडसेटमध्ये वायफायमुळे क्षणभराचा उशीर होतो, एरवी तो खटकतो. इथे खटकायचा प्रश्नच नव्हता, कारण चिपाड टाकल्यावर काहील उकळायला खऱ्या गुऱ्हाळातही वेळ लागतोच.

काय दाखवायचं यापेक्षा काय वगळायचं यावर जास्त चर्चा झाली. सगळ्यांना वाटत होतं की सुरुवातीला चरकात ऊस घालायला मजा येईल. मलाही वाटत होतं. काकांनी साफ नकार दिला. चरकात हात गेलेली माणसं या पट्ट्यात सगळ्यांच्या माहितीत असतात. पोरांनी हसतखेळत चरकाजवळ हात नेलेला त्यांना खेळातसुद्धा बघायचा नव्हता. चरक मागे लांब, फक्त आवाजापुरता राहिला. तसंच पांढऱ्या पावडरीचं. मुलाची कल्पना होती की काहिलीशेजारी पावडरीची पिशवी ठेवायची आणि ती टाकली की मामा रागावणार. यावर काका म्हणाले, "आजूबाजूची सगळी माझीच माणसं हायत. सौद्यात पिवळ्याला दर मिळतो म्हणून टाकत्यात. त्यांना खाली दाखवून मला माझा गूळ विकायचा न्हाई." ती पिशवी आम्ही काढली. मला तो निर्णय फार आवडला, आणि गेमसाठीही तो योग्य होता. राग दाखवून जे पटत नाही ते स्वतः मळी काढून पटतं.

आता बनवण्याचं. आम्ही युनिटी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरलं आणि हेडसेट मेटा क्वेस्ट ३. हा हेडसेट संगणकाला न जोडता चालतो, म्हणजे सगळी ताकद त्यातल्या मोबाईलसारख्या चिपची. सेकंदाला ७२ चित्रं काढायची तर प्रत्येक चित्राला १४ मिलिसेकंदांपेक्षाही कमी वेळ मिळतो. त्यात काही अडखळलं की खेळणाऱ्याचं डोकं गरगरतं. आमचं सगळ्यांत अवघड काम ठरलं वाफ. गुऱ्हाळ म्हणजे वाफच, पण अर्धपारदर्शक थर एकावर एक आले की चिपला प्रत्येक ठिपका पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो आणि वेग कोसळतो. शेवटी वाफेचे मोजकेच, मोठे पडदे ठेवले आणि ते काहिलीच्या पलीकडच्या अर्ध्या भागावर सरकवले. खेळणाऱ्याच्या चेहऱ्यासमोरून एखादाच लोट जातो, आणि तेवढ्यावरही लोक मान मागे घेतात.

रस खरा वाहणारा करणं या चिपवर शक्यच नव्हतं. काहिलीत एक पातळ पृष्ठभाग आहे, तो शेडरनं (पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनं) वरखाली हलतो आणि तापमानाप्रमाणे त्याचा रंग, चमक, बुडबुड्यांचा आकार बदलतो. रंगांसाठी मॉडेलिंगवाल्या मित्रानं एका पूर्ण आधणाचे फोटो एकाच जागेवरून, एकाच उजेडात काढले होते. हिरवट करडा, मग फिकट पिवळा, मग मधासारखा, मग तपकिरी. हे टप्पे जसेच्या तसे घेतले. तपकिरी रंग ही कुणाची चूक नाही, रस तिथेच पोचतो, हे बघणाऱ्याला डोळ्यांनी कळावं एवढाच आग्रह.

फावड्याचं काम मात्र मला स्वतःला सर्वांत समाधान देऊन गेलं. हातातला कंट्रोलर हलका. पाणी ढवळा की पाक, हाताला सारखंच. मग आम्ही असं केलं की रस पातळ असताना फावडं हाताबरोबर चालतं, पण रस दाटला की हात पुढे जातो आणि फावडं मागे रेंगाळतं. सोबत कंट्रोलरची थरथर जाड होत जाते. डोळ्यांना फावडं अडकलेलं दिसतं आणि माणूस नकळत खांद्यातून जोर लावायला लागतो. मामांना पहिल्यांदा हेडसेट घातला तेव्हा ते थोडा वेळ गप्प उभे राहिले, मग दोन्ही हातांनी फावडं धरलं, पाय रुंदावले आणि ढवळू लागले. नंतर म्हणाले, "दाटल्यावर बरोबर वडतंय. पण पोरी, तुझ्या बुडबुड्याला घाई लई." बुडबुडे खरंच जास्त वेगानं फुटत होते. दाट पाकात बुडबुडा आधी फुगतो, थांबतो आणि मग बसतो. आम्ही रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं, फदफद आवाजांमधली अंतरं मोजली आणि त्याप्रमाणे बुडबुडे मंद केले. एकदम सगळी काहील खरी वाटायला लागली.

देवनागरीनं वेगळाच घोळ घातला. युनिटीत मजकूर दाखवायची नेहमीची सोय आहे टेक्स्टमेशप्रो. ती अक्षरं फक्त एकापुढे एक मांडते. जोडाक्षर जुळवणं, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी नेणं तिला जमत नाही. 'चिपाड' लिहिलं की वेलांटी 'च'च्या पलीकडे, 'जास्त' लिहिलं की 'स'चा पाय मोडून 'त' वेगळा. मराठी गूळ विकणाऱ्या मराठी खेळात अशी मोडकी अक्षरं मी चालवून घेणार नव्हते. जिथे लिहिणं भागच होतं तिथे ओळी बाहेर नीट तयार करून चित्र म्हणून लावल्या. पण त्याहून चांगला उपाय मामांच्या गळ्यात होता. सूचना सगळ्या त्यांच्याच आवाजात घेतल्या. मैत्रिणीनं त्यांना स्टुडिओत बसवलं नाही, काहिलीवर काम चालू असताना कॉलरला माईक लावला. "आता मळी काढ", "गोळी बघ की जरा", "बास, बास, वडा आता!" वाचायला काही उरलंच नाही, आणि ज्यांना वाचता येत नाही त्या आजीही खेळू शकल्या.

खेळ साडेतीन मिनिटांचा ठेवला. हेडसेट घालणं, पट्टा बसवणं, काढणं धरून माणशी सहा मिनिटं जातात, म्हणजे एका हेडसेटवर तासाला दहा माणसं. खेळणारा जागेवरून हलत नाही; चालायचं ठेवलं असतं तर नव्या माणसांना मळमळलं असतं. खरी काहील आठ-नऊ फुटांची, तिच्या पलीकडच्या काठाला हात पोचत नाही, म्हणून फावड्याचा दांडा लांब केला आणि काहील होती तेवढीच राहू दिली. लहान केलेली काहील मामांना अजिबात पटली नसती.

चाचणीसाठी आम्ही ओळखीच्या गेमवाल्यांना बोलावलं नाही. गावातल्या बचत गटाच्या बायका आल्या, शेजारच्या शाळेतले शिक्षक आले, काकांचे वयस्कर पाहुणे आले. त्यातून अशा गोष्टी कळल्या ज्या टेबलाशी बसून कधी कळत नाहीत. अंबाडा असला की मागचा पट्टा बसत नाही, तो अंबाड्याच्या खालून घ्यावा लागतो. चष्मेवाल्यांना हेडसेट पुढून टेकवून मग मागे ओढायचा. पदर डोक्यावर असेल तर आधी विचारायचं, आणि हेडसेट घालायला मदत करणारी बाईच हवी. स्टॉलवर एक मुलगी फक्त एवढ्याच कामाला ठेवा, असं मी काकांना सांगितलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं.

प्रदर्शन डिसेंबरात पुण्याजवळ मोशीच्या मैदानावर होतं. मांडवात दुपारनंतर ऊन तिरकं आत येतं. हेडसेटच्या भिंगांवर थेट ऊन पडलं तर ते आतल्या पडद्यावर एकवटतं आणि पडद्याला कायमचा डाग पडतो. त्यामुळे हेडसेट खाली ठेवताना भिंगं नेहमी खाली, वर सुती फडकं, हा नियम सर्वांना पाठ करवला. स्टॉलच्या पांढऱ्या कापडी भिंतीही अडचणीच्याच. हेडसेट आपली जागा आजूबाजूच्या खुणा बघून ओळखतो आणि कोऱ्या कापडावर त्याला खूण मिळत नाही. आम्ही तिन्ही बाजूंना गुऱ्हाळाचे मोठे फोटो लावले. हेडसेटचंही काम झालं आणि स्टॉलही भरला. वायफायसाठी मांडवातल्या गर्दीवर भरवसा न ठेवता स्वतःचा राउटर नेला. बॅटरी दोन तासांच्या आसपास टिकते, म्हणून पॉवर बँक पट्ट्याच्या मागेच अडकवली. त्यानं पुढचं ओझं तोललं जातं आणि नाकावर भार येत नाही.

आणि वास. विजेच्या शेगडीवर एका पातेल्यात काकवी मंद गरम करत ठेवली होती. हेडसेटमध्ये वास नसतो, पण आत काहील दिसत असताना नाकाला काकवीचा वास आला की मन दोन्ही जोडून टाकतं. मला विचाराल तर संपूर्ण गेममधला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक भाग तो.

स्टॉलवर जे झालं ते मी मागे उभी राहून बघत होते. हेडसेटमधला बाप ओरडतोय, "कमी कर, कमी कर जाळ!" आणि सात-आठ वर्षांची मुलगी टॅबलेटवर चिपाडावर चिपाड टाकतेय. एका सासू-सुनेच्या जोडीत सून काहिलीवर आणि सासूबाई जाळावर; सासूबाई न विचारता अचूक जाळ सांभाळत होत्या, माहेरी गुऱ्हाळ होतं असं नंतर कळलं. त्या आवाजानं लोक जमत होते. हेडसेट काढला की काकी प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवत. गूळ करपवलेल्यालाही तोच चांगला खडा. आणि इथे आम्हाला हवं होतं ते घडायचं: माणूस खडा उजेडात धरून बघायचा आणि स्वतःहून म्हणायचा, "मी पण असाच केला की." तपकिरी रंगाबद्दलचा प्रश्न कुणी विचारलाच तर त्याला उत्तर शेजारी उभा असलेला खेळाडूच द्यायचा, मळी किती निघते, ती कशी काढायची, हातवाऱ्यांसकट. काकांना तोंड उघडावंच लागत नव्हतं. एक किलोचे रवे (छोट्या ढेपा) शेवटच्या दिवसाच्या आधी संपले आणि गावाकडून गाडी मागवावी लागली. घरी गेल्यावर फोन करून गूळ मागवणारी माणसं अजूनही "तो काहिलीचा खेळ होता तेच ना?" असं विचारतात.

खर्चाबद्दल एक सांगते, कारण छोटे व्यावसायिक तेच आधी विचारतात. प्रदर्शनासाठी हेडसेट आम्ही त्यांना विकत घ्यायला लावले नाहीत, आमचेच नेले. पैसा गेला तो माणसांच्या वेळेवर, आणि त्यातला मोठा वाटा गुऱ्हाळावर बसून बघण्यात. एखादा गेमवाला तुमच्या कामाच्या जागी न येता लगेच डेमो दाखवत असेल तर त्याला आधी तुमच्याकडे चार दिवस बसवा.

गेम आता गुऱ्हाळावरच असतो. हंगाम संपला की काहील थंड पडते आणि सहलीला आलेल्या माणसांना दाखवायला काही नसतं, तेव्हा काकी ओसरीवर हेडसेट काढतात. मामांची मात्र एक मागणी बाकी आहे. उकळी फुगून उतू जायला लागली की थोडं शेंगतेल शिंपडून फेस बसवतात, ते खेळात नाही. ते म्हणतात, "खरी मजा तिथंच हाय, माणूस तिथंच घाबरतो." फेस काठापर्यंत चढतो कसा, आणि तेलाच्या थेंबानं एका जागेपासून कसा बसत जातो, याचं चित्रीकरण करून आणलं आहे. पुढच्या हंगामात पहिलं आधण चढायच्या आत ते बसवायचं आहे.